‘राइट ऑफ’ म्हणजे माफी नव्हे! इंग्रजी क्रियापदांचा गोंधळ येतो कुठून?

ओळखीतल्या एका गृहस्थांनी मध्यंतरी मोबाइलवर आपला क्रेडिट रिपोर्ट उघडला. बऱ्याच वर्षांपूर्वी धंद्यासाठी घेतलेले एक छोटे कर्ज त्यांच्याकडून थकले होते. बँकेचे फोन येणेही कधीच बंद झाले होते. रिपोर्टमध्ये त्या कर्जापुढे दोन शब्द होते, ‘रिटन ऑफ’. गृहस्थ खूश झाले. ‘अहो, बँकेनेच सोडून दिलं, इथे लिहिलंय बघा,’ असे घरात सांगून त्यांनी मुलाच्या गृहकर्जाच्या अर्जावर सहकर्जदार म्हणून सही केली. अर्ज फेटाळला गेला आणि त्याचे कारणही तेच दोन शब्द होते.

हे गृहस्थ पदवीधर आहेत, रोज दोन वृत्तपत्रे वाचतात. त्यांना इंग्रजी येत नाही असे कोणी म्हणणार नाही. त्यांची गफलत झाली ती एका क्रियापदात. नाम चुकले तर समोरचा दुरुस्त करतो. क्रियापद चुकले तर कोणी कोणाला काय दिले, कोणी काय सोडले, कोण बांधील राहिले हेच बदलते. म्हणून ‘हमखास चुकणारे इंग्रजी शब्द’ अशा तक्त्यांत हा विषय कोंबून टाकणे मला पटत नाही. ही क्रियापदे आली कुठून हे एकदा समजले, तर बरेचसे पाठांतर वाचते. शिवाय त्यांतली निम्मी कोडी सोडवायचे साधन मराठी माणसाकडे लहानपणापासून असते.

‘वेव्ह’ आणि ‘राइट ऑफ’मध्ये नेमका फरक काय?

आधी पैशाचेच पाहू. ‘राइट ऑफ’ हा हिशेबनीसाचा शब्द. वसूल होण्याची आशा उरली नाही अशी रक्कम ताळेबंदातून काढून टाकायची, म्हणजे आपली मालमत्ता उगाच फुगलेली दिसत नाही. ही सगळी कृती बँकेच्या स्वतःच्या वहीत होते. कर्जदार तिथे नसतोच. त्याची देणेदारी कायम राहते, वसुलीचे दावे चालू राहतात, तारण असेल तर त्यावर टाच येऊ शकते. जुन्या मराठीत यासाठी चपखल शब्द आहे, ‘बुडीत खाती टाकणे’. सावकाराने बुडीत खाती टाकले म्हणजे देणेकरी मोकळा झाला, असे आपल्या आजोबांना स्वप्नातही वाटले नसते. ‘रिटन ऑफ’ हे इंग्रजी शब्द मात्र आपल्याला तसे वाटायला लावतात.

‘वेव्ह’ निराळे. त्यात हक्क सोडला जातो. हे क्रियापद नॉर्मन फ्रेंचांच्या कायद्याच्या भाषेतून इंग्रजीत आले आणि त्याचा मूळ अर्थ टाकून देणे, सोडून देणे असा होता. बेवारस वस्तू किंवा अनाथ मूल यांना इंग्रजीत जो ‘वेफ’ शब्द आहे, तो त्याचाच भाऊबंद. धन्याने हात काढून घेतला की वस्तू बेवारस होते. येणेकऱ्याने हक्क काढून घेतला की देणे उरत नाही. हात हलवून निरोप देण्याचा ‘वेव्ह’ उच्चारात अगदी तसाच, पण तो जुना अस्सल इंग्रजी शब्द आहे आणि त्याचा याच्याशी काही संबंध नाही. स्पेलिंगमध्ये एका ‘आय’चा फरक. आपल्याकडे ‘लोन वेव्ह ऑफ केले’ असे सर्रास म्हणतात. ते ‘ऑफ’ बहुधा शेजारच्या ‘राइट ऑफ’मधून उडी मारून आले असावे. प्रमाण इंग्रजीत नुसते ‘वेव्ह’ पुरते.

महाराष्ट्रात हा फरक पुस्तकी नाही. केंद्राने 2008 मध्ये, राज्याने 2017 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेतून आणि 2019 मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेतून शेतकऱ्यांना जे दिले, ते ‘वेव्हर’. तिथे पात्र शेतकऱ्याचे देणे मिटते आणि त्याची भरपाई सरकार बँकेला करते. उद्योगांच्या थकीत कर्जांबाबत संसदेत जे आकडे दरवेळी सांगितले जातात, ते ‘राइट ऑफ’चे. ‘शेतकऱ्याला माफी नाही, उद्योगपतीला माफी’ ही घोषणा सभेत टाळ्या घेते, पण तिच्यात दोन वेगळी क्रियापदे एका ‘माफी’त घुसडलेली असतात. आणि ‘राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे’ हे सरकारी उत्तर शब्दशः बरोबर असले, तरी त्यापुढचा खरा प्रश्न, म्हणजे नंतर वसूल किती झाले, तो त्या उत्तराने पुसला जात नाही. क्रियापद नीट कळलेला नागरिक घोषणेला फसत नाही आणि उत्तरालाही नाही.

‘सेटल्ड’ लिहिले असेल तर?

त्याच रिपोर्टमध्ये आणखी एक फसवे क्रियापद भेटते. ‘सेटल’ हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘आसन’ या अर्थाच्या शब्दावरून आला. ‘सिट’, ‘सेट’ आणि ‘सीट’ ही त्याची सख्खी भावंडे. बसणे, बसवणे आणि बस्तान बसवणे असा तो परिवार. आपण ‘मुलगा पुण्यात सेटल झाला’ म्हणतो त्यात बसण्याचा तो मूळ अर्थ अजून शिल्लक आहे. पण कर्जापुढे ‘सेटल्ड’ असले तर त्याचा अर्थ ‘तडजोड झाली’. बँकेने पूर्ण येण्यापेक्षा कमी रकमेवर खाते मिटवले. सगळे देणे फेडले असेल तर तिथे ‘क्लोज्ड’ लिहिलेले असायला हवे. पुढच्या बँकेच्या दृष्टीने या दोन शब्दांत बरेच अंतर आहे. वसुलीवाला फोनवर ‘सेटलमेंट करून टाका’ म्हणतो तेव्हा ते गोड लागते. त्याची किंमत नवे कर्ज मागताना कळते.

पडणे-पाडणे इंग्रजीतही आहे का?

‘सिट’ आणि ‘सेट’ निघालेच आहेत, तर आता मौजेच्या भागाकडे येऊ. मराठीत झाड आपोआप ‘पडते’ आणि माणूस ते ‘पाडतो’. मूल ‘मरते’-‘मारते’, पाणी ‘गळते’-‘गाळतात’, गुरे ‘चरतात’ आणि गुराखी त्यांना ‘चारतो’. मधला स्वर लांबला की काम आपोआप होणारे न राहता कोणीतरी करवणारे होते. शाळेत हे प्रयोजक-सकर्मकाच्या धड्यात येते आणि मार्कांपुरते राहते.

इंग्रजीत हीच युक्ती आहे. झाड पडते ते ‘फॉल’, झाड पाडणे ते ‘फेल’. (नापास होण्याचा ‘फेल’ वेगळा, तो फ्रेंचकडून आलेला पाहुणा.) पिणे ‘ड्रिंक’ आणि पाजणे ‘ड्रेंच’. पावसात ‘ड्रेंच’ होणे म्हणजे चिंब भिजणे, हा अर्थ पुढे आला. मूळचा अर्थ होता पाजणे. जनावरांचे डॉक्टर आजही गुराच्या तोंडात औषध ओतण्याला ‘ड्रेंच’च म्हणतात. आपल्याकडचा शेतकरी बैलाला नळीने औषध ‘पाजतो’, अगदी तोच. आडवे पडणे ‘लाय’ आणि आडवे ठेवणे ‘ले’. बसणे ‘सिट’ आणि बसवणे ‘सेट’.

हा योगायोग नाही. संस्कृतात ‘पतति’चे ‘पातयति’ होते. त्यातला ‘अय’ हा करवण्याचा प्रत्यय. इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही त्याच मुळाचा, ‘य’ ध्वनी असलेला प्रत्यय होता. काळाच्या ओघात इंग्रजीतला तो ‘य’ झिजून गेला, पण जाताना आधीच्या स्वराला वाकवून गेला. ‘फॉल’चे ‘फेल’ झाले ते असे. दोन्ही भाषा एकाच जुन्या घराण्यातल्या. सर विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे सांगितले, तेव्हा त्याच कुळात गॉथिकही असावी असे सुचवले होते. ही गॉथिक म्हणजे इंग्रजीच्या घराण्यातलीच जुनी भाषा. त्यामुळे ‘लाय’ आणि ‘ले’ समजावताना मराठी मुलाला तक्ता देण्याची गरजच नसते. ‘पडणे-पाडणे’ म्हटले की निम्मे काम होते.

‘राइज’ आणि ‘रेज’चा किस्सा जरा वेगळा. उगवणे, चढणे या अर्थाचा ‘राइज’ अस्सल इंग्रजी. त्याचे घरचे प्रयोजक रूप होते ‘रिअर’. मुले वाढवणे, कोंबड्या पाळणे यांत ते अजून टिकून आहे. पण नवव्या-दहाव्या शतकात स्कँडिनेव्हियातून आलेले व्हायकिंग इंग्लंडच्या पूर्व भागात वसले आणि त्यांच्या भाषेतले ‘रेज’ सगळीकडे रुळले. आज भाव ‘राइज’ होतात आणि कंपनी ते ‘रेज’ करते. मराठीत भाव चढतात आणि कोणीतरी ते चढवते. बातमीत कोणते क्रियापद वापरले, त्यावरून दोष कोणाचा हे ठरते. ‘भाव चढले’ असे लिहिले की चढवणारा दिसेनासा होतो.

मग इंग्रजांचा तरी गोंधळ होत नाही का?

होतो, भरपूर होतो. ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’, आणि ‘ले’ हे तर दुसऱ्या क्रियापदाचे वर्तमान रूप! त्यातच खोटे बोलण्याचा ‘लाय’ हे तिसरे, वेगळ्याच मुळाचे क्रियापद. बॉब डिलनचे 1969 चे गाजलेले गाणे ‘ले लेडी ले’ याच नावाचे आहे आणि व्याकरणाच्या मास्तरांच्या मते तिथे ‘लाय’ हवे. डिलनला पुढे साहित्याचे नोबेल मिळाले. आपल्याकडे नोकरीच्या मुलाखतीत तीच चूक झाली की उमेदवार ‘व्हर्नाक्युलरवाला’ ठरतो.

‘आय विल लर्न यू’ या वाक्याला आपल्याकडे हमखास हशा मिळतो. शिकणे ‘लर्न’ आणि शिकवणे ‘टीच’, एवढे साधे येत नाही म्हणून. पण ‘लर्न’ हे क्रियापद इंग्रजीत शतकानुशतके शिकवणे या अर्थानेही चालत होते. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये कॅलिबन ते तसेच वापरतो, आणि तेही आपल्यावर मालकाची भाषा लादली गेली म्हणून शिव्याशाप देताना. पुढे प्रतिष्ठितांनी तो अर्थ टाकला, गावाकडच्या बोलींत तो राहिला. म्हणजे ज्याला आज अडाणीपणा म्हणतात, ते कालचे शुद्ध इंग्रजी होते. ‘टीच’चा मूळ अर्थ दाखवणे, खूण या अर्थाचा ‘टोकन’ त्याच कुळातला. आणि आपले ‘शिकणे’ संस्कृतातल्या ‘शक्’ धातूच्या इच्छार्थक रूपावरून आले आहे. शक्य व्हावे अशी इच्छा करणे म्हणजे शिकणे. हे कुठल्याही पोस्टरवर न छापलेले आवडते.

‘बॉरो’ आणि ‘लेंड’मध्येही तेच. मराठीत ‘उसने’ एकच. घेणारा उसने घेतो, देणारा उसने देतो. दिशा सांगायला घेणे-देणे आहेच. इंग्रजीने दोन दिशांना दोन क्रियापदे केली. ‘बॉरो’ हमी किंवा तारण या अर्थाच्या शब्दावरून आले, म्हणजे काहीतरी गहाण टाकून नेणे. ‘लेंड’ हे ‘लोन’चे नातलग, त्यातला शेवटचा ‘ड’ तर मागाहून चिकटला. गंमत अशी की जर्मनमध्ये ‘बॉरो’चेच भावंड असलेले क्रियापद घेणे आणि देणे या दोन्हींसाठी चालते. तेव्हा ‘प्लीज बॉरो मी युअर पेन’ म्हणणारे पोर मूर्ख नाही, ते फक्त मराठी किंवा जर्मन पद्धतीने विचार करते आहे. पण कर्जाच्या करारात ‘लेंडर’ कोण आणि ‘बॉरोअर’ कोण हे कळलेच पाहिजे, कारण ‘लेंडर मे रिकॉल’ या तीन शब्दांत कोणाला कोणाचे पैसे परत मागता येतात ते ठरते.

‘अफेक्ट-इफेक्ट’चे काय?

हा दुसऱ्या गावचा माल. ही लॅटिन क्रियापदे. त्यांत धातू एकच असतो आणि पुढचा उपसर्ग अर्थ फिरवतो, जसे आपल्याकडे एका ‘कार’पासून उपकार, अपकार, प्रकार, विकार होतात. ‘करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूला ‘कडे, वर’ असा उपसर्ग लागला तो ‘अफेक्ट’: एखाद्यावर परिणाम करणे. ‘बाहेर’ असा उपसर्ग लागला तो ‘इफेक्ट’: करून बाहेर काढणे, घडवून आणणे. ‘घेणे’ या धातूला तेच दोन उपसर्ग लावा. ‘ॲक्सेप्ट’, म्हणजे आपल्याकडे घेणे. ‘एक्सेप्ट’, म्हणजे बाहेर काढून ठेवणे, वगळणे. मोबाइलवर ‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबताना आपण सगळे आपल्याकडे घेत असतो, अटींसकट. ‘अडॅप्ट’ जुळवून घेणे आणि ‘अडॉप्ट’ निवडून घेणे. दुसऱ्यात ‘ऑप्शन’ दडलेला आहे हे एकदा दिसले की दत्तक घेण्यात निवड असते हे विसरता येत नाही.

‘अश्युअर’, ‘एन्शुअर’, ‘इन्शुअर’ ही तिळी भावंडे मात्र खिशाला भिडतात. तिघांच्या मुळाशी ‘निश्चिंत’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, शब्दशः ‘काळजीविना’. पहिला माणसाला खात्री देतो, दुसरा काम होईल याची तजवीज करतो, तिसरा पैशाने जोखीम उचलतो. शेवटचे दोन मुळात एकाच शब्दाची दोन स्पेलिंगे होती; विम्याचा धंदा वाढला तसे त्यांनी कामे वाटून घेतली. आयुर्विम्याच्या कागदावर ‘सम अश्युअर्ड’ असते, कारण मृत्यू येणार हे ठरलेले आणि रक्कमही ठरलेली. आरोग्य विम्यावर ‘सम इन्शुअर्ड’ असते, म्हणजे खर्च झाला तर तेवढ्या मर्यादेपर्यंत भरपाई. ‘पाच लाखांचा विमा आहे’ म्हणून दोन लाखांच्या बिलावर पाच लाख मिळत नाहीत.

मराठी आडवी येते की मदतीला?

कधी आडवी येते, हे मान्य करू. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हणतो. इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो आणि शिक्षक देतो. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणणे अशुभ. त्याचे ‘आय कम’ केले की समोरचा साहेब दाराकडे पाहत बसतो. दिवा ‘बंद’ करतो म्हणून ‘क्लोज द लाइट’.

पण मदत जास्त करते. ‘से’, ‘टेल’, ‘स्पीक’ यांत जगभरचे विद्यार्थी अडखळतात. मराठीत म्हणणे, सांगणे, बोलणे असे तीन वेगळे शब्द तयार आहेत, तेही जवळपास त्याच कामांसाठी. एकट्याने ‘म्हणता’ येते, पण ‘सांगायला’ समोर कोणीतरी लागते. ‘टेल’चे नेमके तसेच. (‘टेल’चा जुना अर्थ मोजणे. बँकेतला नोटा मोजणारा ‘टेलर’ त्यातूनच आला, शिंप्याशी त्याचा संबंध नाही.) ‘हिअर’ म्हणजे ऐकू येणे, ‘लिसन’ म्हणजे ऐकणे. ‘सी’ म्हणजे दिसणे, ‘लुक’ म्हणजे बघणे. आणि ‘वॉच’ हा ‘वेक’चा सख्खा भाऊ, मूळ अर्थ जागे राहणे. वॉचमन म्हणजे पूर्वीच्या गावगाड्यातला जागल्याच. तो झोपला की तक्रार का होते, हे शब्दातच आहे.

वर्गात मात्र उलटे चालते. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तो निर्णय मला योग्यच वाटतो. पण त्याबरोबर ‘इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द नको’ असा एक हट्टही अनेक शाळांत शिरला. मग मुलाला ‘से म्हणजे बोलणे, टेल म्हणजे बोलणे, स्पीक म्हणजे बोलणे’ असे चोरून गाइडमधून शिकावे लागते आणि घरून आणलेला तीन शब्दांचा फरक शाळेत हरवतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या शिकल्या. त्या पद्धतीत बोलायचा सराव नव्हता, उच्चारांचे हाल होते. तरी ‘हे वाक्य मराठीत कसे म्हणशील’ असा प्रश्न त्यात रोज असे. तो प्रश्न आपण जुनाट म्हणून टाकून दिला, आणि त्याच्या जागी आला व्हॉट्सॲपवर फिरणारा पन्नास शब्दांचा तक्ता. त्यात ‘लाय-ले-लेन’ पाठ होते, पण पडले की पाडले हे कोणी विचारत नाही. सातवी-आठवीच्या मराठी आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी आठवड्यातला एक तास एकत्र घेतला, तर नवे पुस्तकही लागणार नाही.

त्या गृहस्थांना हे सगळे सांगितले नाही. त्यांना व्युत्पत्तीपेक्षा गृहकर्ज हवे होते. बँकेत जाऊन थकबाकीचा आकडा लेखी मागा, पूर्ण भरणे जमत असेल तर पूर्ण भरा, कमी रकमेचा सौदा करण्याआधी रिपोर्टवर काय लिहिले जाईल ते विचारा आणि ‘नो ड्यूज’चे पत्र घेतल्याशिवाय उठू नका, एवढेच म्हटले. त्यांनी ते मोबाइलवर टिपून घेतले. मग जरा थांबून विचारले, ‘आणि व्याज तेवढं वेव्ह करा म्हटलं तर चालेल ना? तिथे तरी वेव्हच म्हणायचं ना?’